डाव्या पायाची कैफियत

माझ्या भाच्याने गाडी घेतल्याची बातमी आमच्या जव्हारच्या घरी फोनवरून आली. बहिणीने गाडीचा रंग एकदा सांगितला आणि किंमत दोनदा. आकडा ऐकून मला आमच्या शाखेतली काही कर्जखाती आठवली.

पुढच्याच रविवारी भाचा ठाण्याहून मनोर, विक्रमगड करीत घाट चढून दारात हजर झाला. गाडी जर्मन, लालभडक, आणि बैठक इतकी खाली की आत बसताना मला सत्यनारायणाच्या पाटावर बसल्यासारखे वाटले. सवयीने मी त्याच्या पायांशी डोकावलो, तर पेडल दोनच.

"क्लच कुठाय रे?"

"मामा, हिला एक नाही, दोन क्लच आहेत!"

"मग दिसत कसे नाहीत?"

"आत असतात. गाडीच दाबते आणि गाडीच सोडते."

एक होता तेव्हा दिसत होता, दोन झाले तर दिसेनासे झाले! बँकेत अशा प्रकाराला आम्ही निराळ्या नावाने ओळखतो आणि वरून तपासणीला माणूस येतो.

पण भाच्याने समजावून सांगितले तेव्हा कबूल करतो, मी गार झालो. एका क्लचवर १, ३, ५, ७ हे विषम गिअर, दुसऱ्यावर २, ४, ६ हे सम. गाडी तिसऱ्यात पळत असते तेव्हाच चौथा आत कंबर कसून तयार असतो. एक क्लच सुटतो त्याच क्षणी दुसरा पकडतो, त्यामुळे मधली ओढ तुटत नाही. म्हणजे काउंटरवरचा कारकून चहाला उठायच्या आत दुसरा पेनाचे टोपण काढून त्याच्या खुर्चीमागे उभा! असे दृश्य माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एकाही शाखेत पाहिलेले नाही. ही कल्पना आजकालची नव्हे. रशियाच्या झारच्या मोटारी सांभाळलेला केग्रेस नावाचा एक फ्रेंच माणूस होता, त्याने १९३९ सालीच ती मांडली होती. १९८० च्या दशकात पोर्शने ती शर्यतीत उतरवली आणि २००३ साली फोक्सवॅगनने गोल्फमध्ये घालून सामान्य गिऱ्हाइकाला विकली. (जर्मनीतल्या सामान्य गिऱ्हाइकाला. आपण सामान्यच्याही खाली येतो.)

तेव्हा यंत्राबद्दल माझी तक्रार नाही. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर संध्याकाळी सात वाजता क्लच दाबून दाबून ज्याचा गुडघा गेला, त्याने खुशाल आपोआप गिअरची गाडी घ्यावी. ज्याचा पाय अधू आहे त्याला तर अशी गाडी म्हणजे देवच भेटला. ऑफिसला जाणे हे काम आहे, आणि काम यंत्राने केले तर माझ्यासारख्या कारकुनाला आनंदच आहे. माझे भांडण आहे ते स्पोर्ट्स कारशी. नावातच खेळ आहे ना? मग खेळ यंत्राने खेळायचा आणि मालकाने एवढे पैसे मोजून नुसते बघत बसायचे, ही कुठली रीत? तबल्याचे यंत्र ताल चुकत नाही, दमत नाही, मानधनावरून रुसतही नाही. म्हणून सवाई गंधर्वला थंडीत शाल पांघरून कोणी त्या यंत्राची तिहाई ऐकायला बसत नाही.

"पण मामा, वेग?" भाच्याने हुकमाचे पान टाकले. "पोर्शची जीटी-३ घ्या. शून्यापासून शंभरला हातगिअरने ३.९ सेकंद, दोन क्लचने ३.४!"

म्हणजे वाचले अर्धे सेकंद. ते साठवून ठेवायला कुठली मुदतठेव आहे का? आणि त्याच जीटी-३ ची पुढची गोष्ट भाच्याने सांगितली नाही, ती मी सांगतो. २०१३ साली पोर्शने ही गाडी फक्त दोन क्लचांची केली. हातगिअरवाले भक्त रुसून बसले. मग २०१६ साली कंपनीने ९११ आर नावाची गाडी काढली, फक्त हातगिअरची, मोजून ९९१ नग. त्या हां हां म्हणता संपल्या आणि मूळ किमतीच्या कितीतरी पट भावाने हातोहात फिरल्या. २०१७ साली जीटी-३ लाही हातगिअर परत मिळाला. अर्ध्या सेकंदाने मागे राहण्यासाठी माणसे जास्त पैसे मोजतात, हे कॉमर्सच्या कुठल्याही पुस्तकात बसत नाही. मी कॉमर्सचाच पदवीधर आहे, मला विचारा.

आणि दोन क्लचांचा एवढा अभिमान? डबल क्लच आम्ही लहानपणीच पाहिला आहे! मोखाड्याला मावशीकडे सुट्टीत जाताना एसटीत माझी जागा ठरलेली असे, ड्रायव्हरशेजारच्या इंजिनाच्या झाकणाजवळ. बूड भाजायचे, पण तिथून सगळे दिसायचे. चढ आला की ड्रायव्हर क्लच दाबून गिअर मोकळा करी, क्लच सोडी, ॲक्सिलरेटरला एक ठोसा देई, पुन्हा क्लच दाबी आणि मग खालचा गिअर टाकी. जुन्या गिअरपेट्यांत दातांचा वेग आपोआप जुळत नसे, तो पायाने आणि कानाने जुळवावा लागे. चुकला तर अख्ख्या बसला ऐकू जाईल असा कर्र आवाज होई आणि मागून एखादी म्हातारी "आगं बया!" म्हणे. जुळला की नुसता 'टक्'. डोळे मिटून बसलेली माणसेसुद्धा आवाजावरून सांगत, आता अमुक वळण आले. त्या ड्रायव्हरला कोणी स्पोर्ट्समन म्हटले नाही. पण एकाच क्लचाचे दोन करणारा तो माणूस होता, आणि त्याच्याकडे पाहतच मी गाडी शिकलो.

असो. मुद्दा भांडणाचा होता, तो तोरंगण घाटात सुटायचा होता.

जेवणे झाली तशी हिने सुचवले, "आलाच आहे भाचा तर त्र्यंबकेश्वरला जाऊन येऊ." दिवस श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारच्या आदला. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला आदल्या रात्रीपासून माणूस लोटतो हे तिला ठाऊक होते, मलाही होते. गाडीत बसायच्या मोहाने दोघेही गप्प राहिलो. मोखाड्यापर्यंत गाडी लोण्यासारखी गेली. घाट लागला, धुके उतरले आणि पुढे कुठेतरी एक ट्रक आडवा झाला. मग रांग. चार फूट पुढे, थांबा. तीन फूट पुढे, थांबा. सगळा चढ.

असल्या ठिकाणी हातगिअरवाला ब्रेक ओढून वाट पाहतो, पुढे पुरेशी जागा झाली की एकदाच निघतो. फुटाफुटाने सरकणे क्लचला सोसत नाही हे त्याच्या पायाला कळते, नाही कळले तर नाकाला कळते. (मला दोनदा नाकाने कळले होते. क्लचप्लेटची ती दोन बिले हिला अजून माहीत नाहीत.) भाच्याच्या पायाला कळण्याचा प्रश्नच नव्हता. तो ब्रेकवरून पाय जरा उचलायचा, गाडी मुंगीच्या पावलाने सरकायची, आणि आत तो क्लच बिचारा अर्धवट पकडीत घासत राहायचा. मोठ्या ताकदीच्या गाड्यांत हे क्लच तेलात बुडवलेले असतात, ते पुष्कळ सोसतात. हिचे कोरडे होते. विसाव्या मिनिटाला पडद्यावर पिवळी अक्षरे उमटली: गिअरपेटी तापली आहे, गाडी सुरक्षित जागी थांबवा.

घाटात, धुक्यात, मागे दोन जीप आणि एक एसटी असताना सुरक्षित जागा कुठली? कशीबशी डोंगराच्या कडेला घेतली. मागची एसटी हॉर्न देत शेजारून निघाली, पहिल्या गिअरात, सावकाश. तिच्या ड्रायव्हरने लाल गाडीकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी उगाचच वर आभाळाकडे पाहिले. अर्धा तास आम्ही पावसात शेंगा खात उभे होतो. वाचलेली सगळी अर्धी सेकंदे तिथे खर्ची पडली. मी मात्र एक शब्द बोललो नाही, हे माझ्या आयुष्यातले एकमेव संयमाचे उदाहरण म्हणून नोंदवून ठेवावे.

त्र्यंबकेश्वर राहिले. गार झालेली गाडी तशीच वळवून रात्री जव्हारला परतलो. सकाळी चहा घेताना भाचा म्हणाला, "मामा, तुमची गाडी जरा चालवून बघू?"

मी किल्ली दिली. आमची बारा वर्षांची जुनी गाडी दारासमोरच्या उतारावर, तोंड चढाकडे करून उभी असते. भाचा बसला, चालू केली, आणि गाडीने एक गचका देऊन मान टाकली. पुन्हा. पुन्हा. शेजारची पोरे शाळेत जायची सोडून कुंपणाशी उभी राहिली. तेव्हा कळले की पोरगा गाडी शिकला तोच आपोआप गिअरवर. सव्वीस वर्षांचा इंजिनिअर, दोन क्लचांचे गणित तोंडपाठ, आणि एक क्लच सोडता येत नव्हता.

मी खिडकीशी वाकलो. "हँडब्रेक ओढ. आता क्लच हळूहळू सोड. अजून. नाक जरा वर उचलेल, आवाज जड होईल... ऐकलास?"

"हो."

"तिथेच धर. आता हँडब्रेक सोड."

गाडी थरथरली, पण मागे गेली नाही. मग सावकाश चढ चढून वळणाच्या पलीकडे गेली. दुसरा गिअर पडताना कर्र झाले ते मला दारातून ऐकू आले. हनुमान पॉइंटला जाऊन दहा मिनिटांत येतो म्हणाला होता. साडेदहा झाले, माझी बँकेची वेळ टळली, तरी भाच्याचा पत्ता नाही. शेवटी त्याच्या लाल गाडीची किल्ली हातात घेऊन मी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि बँकेत चालत गेलो.