चालण्याची बंदी उठली, मग देखभाल वस्तीबाहेर का थांबते?



14 एप्रिल जवळ आला की चमत्कार घडतो. वर्षभर उखडलेल्या वस्तीच्या रस्त्यावर रातोरात मुरूम पडतो, खड्डे बुजतात आणि चौकात पुढाऱ्याचं शुभेच्छांचं बॅनर लागतं. पहिल्या पावसात मुरूम वाहून जातो. बॅनर मात्र दिवाळीपर्यंत टिकतं. आष्टीसारख्या तालुक्याच्या गावात राहणाऱ्याला हे नव्याने सांगायला नको. याला देखभाल म्हणायला आम्ही तयार नाही. हा आपल्या मतांचा इसार आहे.

रस्ता हा आपल्यासाठी कधीच साधा विषय नव्हता. पेशवाईच्या राजधानीत अस्पृश्याला कमरेला झाडू बांधून आणि गळ्यात मडकं अडकवून चालावं लागे, हे बाबासाहेबांनी 1936 साली ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात नोंदवून ठेवलं आहे. 1924 साली केरळात वैकोमला सत्याग्रह झाला, तो मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालता यावं म्हणून. त्याच्या आदल्या वर्षी, 4 ऑगस्ट 1923 रोजी, मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला होता. सरकारी पैशातून बांधलेली आणि चालवलेली पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अशी ठिकाणं अस्पृश्यांना खुली करा, असं तो सांगत होता. 20 मार्च 1927 चं महाड त्याच पायावर उभं राहिलं. ज्याच्यावर सार्वजनिक पैसा खर्च होतो, त्यावर आपलाही हक्क.

हेच तत्त्व संविधानात आलं. अनुच्छेद 15(2) वाचा. सरकारी निधीतून राखलेल्या विहिरी, तलाव, घाट यांच्यासोबत तिथे ‘रस्ते’ हा शब्द आहे. ‘राखलेले’ या शब्दावर आम्ही बोट ठेवतो. कायद्याने आपल्याला रस्त्यावर चालू दिलं. पण तो रस्ता राखायचा कुणासाठी, हे आजही कोण ठरवतं?

गोम पैशाच्या वाटेत आहे. बाजारपेठेचा रस्ता फुटला की नगरपंचायतीच्या सर्वसाधारण निधीतून दुरुस्त होतो. वस्तीचा फुटला की उत्तर ठरलेलं: ‘दलित वस्तीचा निधी आला की करू.’ तो निधी येतो नव्या कामासाठी. नवं काम म्हणजे टेंडर, ठेकेदार, नारळ, कोनशिला. दुरुस्तीला कोनशिला नसते, म्हणून दुरुस्ती होत नाही. मग जुना सिमेंट रस्ता न खोदता त्याच्यावरच नवा थर चढवतात. गटार मागे राहतं, रस्ता वर जातो आणि घरं खाली जातात. पाऊस आला की पाणी उंबरा ओलांडून चुलीपर्यंत येतं. त्याची मोठ्या अक्षरातली पाटी मात्र कोपऱ्यावर उभी असते: ‘विकासकाम’.

खास निधीचाही भरवसा राहिलेला नाही. मे 2025 मध्ये सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले. म्हणून आम्ही स्पष्ट म्हणतो: वस्तीचा विशेष निधी हा जास्तीचा वाटा आहे, तो मूळ वाट्याच्या बदल्यात नाही. मालमत्ता कर वस्तीही भरते. वसुलीला येणारा कर्मचारी ‘तुमचा कर वेगळ्या खात्यात’ असं कधी म्हणतो का?

‘अहो, रस्ते सगळीकडेच खराब आहेत, त्यात जात कशाला आणता?’ हा प्रश्न येणारच. खड्ड्याला जात नसते, मान्य. पण कोणता खड्डा आधी बुजवायचा, या यादीला असते. तक्रार नोंदवही आणि दुरुस्तीचा खर्च प्रभागवार समोर ठेवा. भेदभाव नसेल तर आकडे दाखवायला भीती कसली? आणि चालतं कोण, तेही बघा. पहाटे कचऱ्याची गाडी ढकलणारा सफाई कामगार, हंडा घेतलेली बाई, शाळेत जाणारं पोर. चारचाकीवाल्याला खड्डा म्हणजे हादरा. पायी चालणाऱ्याला मोडलेला पाय आणि बुडालेला रोज.

2022 साली नगरहून आष्टीपर्यंत 66 किलोमीटर रेल्वे आली. चांगलं झालं. मग स्टेशनपासून वस्तीपर्यंत पावसाळ्यात कोरड्या पायाने जाता यावं, ही मागणी फार मोठी आहे का? आष्टीची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली. त्यात ग्रामसभा गेली, हे कुणी मोठ्याने सांगितलं नाही. उभं राहून हिशेब विचारण्याची जागाच संपली. वॉर्ड समित्या संविधानाने बंधनकारक केल्या त्या 3 लाखांवरच्या शहरांना. आपल्या वाट्याला उरले 17 नगरसेवक आणि मुख्याधिकारी. म्हणून हिशेब आता कागदावर मागावा लागेल.

कायदा आपल्या बाजूने आहे. 1965 च्या नगरपरिषद-नगरपंचायत अधिनियमाच्या कलम 49 नुसार सार्वजनिक रस्ते बांधणं आणि सुस्थितीत ठेवणं हे बंधनकारक कर्तव्य आहे, उपकार नाही. चालण्याजोगे फूटपाथ हा पादचाऱ्याचा अनुच्छेद 21 खालचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 14 मे 2025 रोजी सांगितलं. 13 ऑक्टोबर 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्याने जीव गेल्यास वारसांना 6 लाख रुपये, जखमींना 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, या जयंतीला वर्गणीच्या पावतीपुस्तकासोबत माहिती अधिकाराचा अर्जही घ्या. दहा रुपये लागतात. वस्तीतल्या प्रत्येक रस्त्याचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि दोष दायित्व कालावधी मागा. त्या मुदतीत रस्ता फुटला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. मुदत माहीत नसली की तोच रस्ता पुन्हा नव्या टेंडरात येतो. सोबत दोन मागण्या लेखी द्या: प्रभागवार देखभाल खर्च फलकावर लावा, आणि वस्तीच्या दुरुस्तीसाठी सर्वसाधारण निधीत तरतूद करा.

कमान हवी, पुतळा हवा, चौकाला नावही हवं. पण कमानीखालून जाणारा रस्ता फुटका असेल, तर कमान देणाऱ्याने आपल्याला स्वस्तात गुंडाळलं. बाबासाहेबांचं नाव लावलेल्या रस्त्यावर गुडघाभर चिखल असणं हा नावाचाही अपमान आहे. त्यांनी तळ्याचं पाणी मागितलं ते तहान लागली म्हणून नव्हे, समान नागरिक म्हणून. रस्ताही तसाच मागा.

जय भीम! जय संविधान!