वर्षाच्या धान्याची बेगमी

फाल्गुन सरून चैत्र लागला, रब्बीचा गहू आणि जोंधळा खळ्यावरून बाजारात आला, म्हणजे वर्षाच्या पोळी-भाकरीची तजवीज करून ठेवण्याचा जो शिरस्ता महाराष्ट्रातील घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, तो शहरांतून आता जवळजवळ मोडला आहे. आणि दळलेल्या पिठाची पिशवी बारा महिने दुकानात मिळत असता हा खटाटोप कशाला, हा त्यावरचा जबाब वरकरणी बिनतोड दिसला, तरी तो मला मान्य नाही.

पीठ हा मुळी साठवणीचा पदार्थच नाही. गव्हाच्या बीजांकुरात जो तेलाचा अंश असतो, तो दाण्याचे कवच अभंग आहे तोवर सुरक्षित राहतो. गिरणीत दाणा फुटला, की हवेशी त्याचा संयोग होऊन पीठ हळूहळू खवट होऊ लागते. बाजरीत हा अंश अधिक, म्हणून तिचे पीठ उन्हाळ्यात थोड्याच दिवसांत कडवटते. जोंधळ्याचे पीठ शिळे झाले, की त्याचा जिगट जाऊन भाकरी थापताना चिरते. मैदा त्या मानाने पुष्कळ टिकतो हे खरे, परंतु त्यातून कोंडा आणि अंकुर आधीच काढून टाकलेला असतो, आणि सत्त्व गमावून मिळवलेल्या टिकाऊपणाचे कौतुक मला तरी करवत नाही. याउलट नीट वाळवलेला गहू वर्षच काय, अनेक वर्षे राहतो. तेव्हा साठवावे ते धान्य, आणि दळण आणावे ते पंधरवड्याच्या बेताने.

या साठवणीचे सारे मर्म दाण्यातील ओल घालवण्यात आहे. धान्यातील पाण्याचा अंश साधारणपणे १२ टक्क्यांच्या खाली राहिला, तर बुरशी धरत नाही आणि सोंड्याचीही वाढ मंदावते. ही टक्केवारी ज्यांनी कधी ऐकली नव्हती, त्या आपल्या आज्या दाणा दाताखाली धरून तो कडकन फुटतो की नुसता दबतो, एवढ्यावरून नेमका निर्णय करीत. पाखडून, निवडून, कडक उन्हे देऊन झालेले धान्य पुरते गार झाल्यावाचून त्या कोठीत भरीत नसत, कारण ऊन दाणा बंद डब्यात गेला तर आतल्या आत घाम धरतो. आणि जमिनीची ओल लागू नये म्हणून कोठी लाकडी पाटावर ठेवीत. एरंडेलाचा हात आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला हे त्यानंतरचे उपचार होत.

सोलापूर-मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात जोंधळा ठेवण्यासाठी जी पेवे खणत, त्यांत तर शास्त्राची परिणती दिसते. अरुंद तोंडाचा, आत रुंदावत जाणारा खड्डा, त्याला कडब्याचे अस्तर, आणि वर मातीने लिंपलेले झाकण. आतला दाणा व त्यातले किडे श्वासोच्छ्वासाने प्राणवायू संपवीत, आणि तो संपला की किडे आपोआप मरत. म्हणूनच पेव उघडल्यावर तत्काळ आत उतरायचे नाही, आधी जळता दिवा खाली सोडून तो विझतो काय हे पाहायचे, असा नियम होता, आणि तो मोडणारे प्राणास मुकत. ज्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी पंधराव्या शतकातील दुष्काळात बेदरच्या बादशहाची कोठारे रयतेला मोकळी केली अशी आख्यायिका सांगतात, ते मंगळवेढे जोंधळ्याचेच गाव होय.

ज्याने मन खरोखर उद्विग्न होते, तो प्रकार याच्या नेमका उलट आहे. ऊन देण्याचा आळस, किंवा ऊन देण्यास जागाच नसल्याची लाचारी, विषाने भरून काढली जाते. पाऱ्याच्या गोळ्या धान्यात निःशंकपणे टाकल्या जातात, आणि ज्या धुरीच्या गोळ्या जाणकाराच्या देखरेखीवाचून वापरण्याजोग्याच नाहीत, ज्यांतून हवेतील ओलाव्याने प्राणघातक वायू सुटतो, त्या राहत्या घरात ठेवून बंद खोलीत निजलेली माणसे, विशेषतः लहान मुले, दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो व विसरतो. त्यापेक्षा ज्याला वाळवणे जमत नाही, त्याने घट्ट झाकणाच्या कोठीत दोन-तीन महिन्यांपुरतेच धान्य भरावे, हे शतपटीने बरे.

चार माणसांच्या बिऱ्हाडाने क्विंटल-दोन क्विंटल गहू घरी ठेवणे ही साठेबाजी नव्हे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी पुकारली गेली, तेव्हा भरलेल्या कोठीचे मोल कळण्यास कोणाला व्याख्यानाची गरज पडली नाही. मुंबई-पुण्याच्या ज्या गृहनिर्माण संस्थांनी गच्चीला कुलूप ठोकून किल्ली चिटणिसांच्या हवाली केली आहे, त्यांनी निदान चैत्र-वैशाखात ती सकाळपासून सूर्यास्तापर्यंत सर्व बिऱ्हाडांना खुली ठेवण्याचा ठराव करावा. आणि नव्या इमारतींचे नकाशे मंजूर करणाऱ्या नगरपालिकांनी स्वयंपाकघरालगत, बाहेरच्या भिंतीची ओल न पोहोचेल अशी, दोन कोठ्यांपुरती जागा राखण्याची अट घालावी.