पेटी न सांपडतां परत येणें

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन परगण्यांत डार्टमूर नांवाचें सुमारें ९५४ चौरस किलोमीटर विस्ताराचें उंच, ओसाड माळरान आहे. १८५४ सालीं चॅगफर्ड गांवच्या जेम्स पेरट नामक वाटाड्यानें क्रॅनमिअर पूल ह्या तेथील दुर्गम जागीं एक बाटली ठेविली. तेथवर पोंचणाऱ्यानें आपल्या नांवाचें कार्ड तींत टाकावें, अशी योजना होती. पुढें बाटलीच्या पेट्या झाल्या, पेट्यांत रबरी शिक्के आले, आणि हा छंद माळभर पसरला. २००० सालच्या मे महिन्याच्या आरंभीं अमेरिकन सरकारनें जी. पी. एस. यंत्रणेंतील बुद्धिपुरस्सर ठेविलेली अशुद्धता काढून टाकली. लगेच ३ मे रोजीं ऑरेगन संस्थानांत डेव्ह अल्मर ह्या गृहस्थानें एक बादली रानांत लपवून तिचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध केले. हेंच जिओकॅशिंग. पेरटच्या बाटलीची ही नात आज आजीच्या माळावरही सुखानें नांदत आहे.

हा खेळ धोक्याचा म्हणून तरुणांस त्यापासून दूर ठेवावें, असें कांहीं वडीलधाऱ्यांचें मत असतें. आम्हांस तें मान्य नाहीं. आमच्या मतें खरा धोका दलदलींत जितका आहे, तितकाच हातांतील यंत्राच्या अचूकपणांतही आहे. माळावर झाडें विरळ, आकाश मोकळें. त्यामुळें यंत्र कांहीं मीटरांच्या आंत जागा दाखवितें, आणि तिजकडे एक सरळ रेघ काढून देतें. परंतु मधल्या भूमीविषयीं ती रेघ मुकी असते. जेथें शेवाळ अतिशय हिरवेंगार दिसतें, तेथें त्याखालीं बहुधा पाणी व पीटचा चिखल असतो. सकाळीं सहज ओलांडलेला ओढा दुपारच्या पावसानंतर उतार देत नाहीं. आणि पाऊस तेथें थोडाथोडका नव्हे, प्रिन्सटाउन येथें वर्षाकांठीं सुमारें २००० मिलिमीटर पडतो. पेरटच्या पाहुण्यास आधीं भूमि ओळखावी लागे, मग जागा सांपडे. आजच्या मनुष्यास जागा आधीं ठाऊक असते, भूमि मागाहून कळते!

म्हणून कागदी नकाशा व होकायंत्र जवळ असावें, आणि तीं वापरण्याचा अभ्यास स्वच्छ दिवशीं झालेला असावा. थंडींत विजेरी लवकर दम सोडते. भ्रमणध्वनीचा संदेश तर पुष्कळ ठिकाणीं पोंचतच नाहीं. वेळेचा अंदाज करण्यास नेस्मिथ ह्यांनीं १८९२ मध्यें घालून दिलेला नियम अजून उपयोगीं पडतो: दर तीन मैलांस एक तास, व दर २००० फूट चढास आणखी एक तास. तथापि तो धडधाकट मनुष्याचा, बऱ्या वाटेवरचा हिशेब आहे. चिखलांत त्याहून पुष्कळ अधिक वेळ धरावा. उन्हाळ्यांतही भिजलेलें अंग वाऱ्यानें गारठतें, आणि गारठलेल्या मनुष्याची बुद्धि त्याच्या पायांच्या आधीं अडखळूं लागते. पावसाळ्यांत घाटमाथ्यावर धुक्यांत सांपडलेल्या आमच्या वाचकांस हें निराळें सांगणें नको.

उत्तर भागांत लष्कराचीं गोळीबाराचीं मैदानें आहेत. गोळीबार चालू असतां दिवसा तांबडीं निशाणें व रात्रीं तांबडे दिवे लावितात, वेळापत्रकही आधीं प्रसिद्ध होतें. तेथें पडलेल्या धातूच्या कोणत्याही वस्तूस हात लावूं नये. ती पेटी नव्हे.

संकटांत सांपडल्यास मिनिटांत सहा वेळां शिट्टी फुंकावी, एक मिनिट थांबावें, आणि पुन्हां तेंच करावें. किंवा ९९९ ह्या क्रमांकावर पोलिसांस बोलावून गिरिबचाव पथक मागावें. हीं पथकें स्वयंसेवकांचीं असतात. एका प्लॅस्टिकच्या डबीसाठीं अंधारांत बाहेर पडणारा तो मनुष्यही कोणाचा तरी बाप किंवा भाऊ असतो, हें पेटी लपविणारानेंही ध्यानांत ठेवावें. दलदलीच्या पलीकडे पेटी ठेवून शौर्याची परीक्षा पाहणारास आम्ही खेळाडू म्हणणार नाहीं.

किती पेट्या सांपडल्या ह्या आंकड्याचा मोह मोठा. केवळ गुणांवर डोळा ठेवणारे विद्यार्थी पाहणाऱ्या आम्हां शिक्षकांस हा रोग ओळखीचा आहे. परंतु ह्या खेळांत ‘सांपडली नाहीं’ अशी नोंद करण्याचीही रीत आहे, आणि ती शरमेची समजत नाहींत. तिच्यावरून लपविणारास पेटी जाग्यावर आहे कीं नाहीं हें पाहण्याची सूचना मिळते, आणि मागून येणारास ओढा भरला होता, धुकें होतें, अमुक टेकडीपासून परतलों, एवढें कळतें.