नऊची शाळा, बाराची निजानीज

मोजे घालताना आदळआपट, चहा-चपाती पुढ्यात आली की रडारड, वर्गात शेजारच्याला चिमटे. 'कार्टं भारीच हट्टी झालंय,' म्हणून आपण मोकळे होतो. रात्री ते किती वाजता झोपलं, हे कोणी विचारत नाही.

झोप मोडली की मोठी माणसं पेंगतात. लहान पोरं बऱ्याचदा उलट उधळतात. कॅनडातल्या संशोधकांनी 2012 मध्ये 7 ते 11 वर्षांच्या 34 मुलांवर हे तपासलं. पाच रात्री काहींची झोप अर्ध्या तासाने वाढवली, काहींची तासाभराने कमी केली. कोण किती झोपलं हे शिक्षकांना ठाऊक नव्हतं. तरी जास्त झोपलेली मुलं त्यांना शांत वाटली. कमी झोपलेली चिडकी, रडवेली. या वयाला रोज 9 ते 12 तास झोप लागते.

महाराष्ट्राचे राज्यपाल असताना रमेश बैस यांनी डिसेंबर 2023 मध्ये मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विषय काढला. फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश काढला. चांगलं झालं. पण साडेसातला उठायचं, तर पोर साडेनऊला झोपलेलं हवं. कोडोलीसारख्या गावात त्या वेळी मालिका रंगात आलेली असते. हंगामात वारणा कारखान्याच्या वाटेवर उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून धावतात. शेतीची लाईट रात्रीची असली की बाप बॅटरी घेऊन मोटर चालू करायला निघतो आणि कडीच्या आवाजाने पोर जागं होतं. वरातीच्या डॉल्बीचं तर विचारूच नका. रात्री दहानंतरच्या ध्वनिवर्धकाला 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीच बंदी आहे. नियम कागदावर आणि डॉल्बी चौकात.

प्रत्येक हट्टामागे अपुरी झोपच असते असं नाही. रोज घोरणारं पोर डॉक्टरला दाखवावं. पण छडी उचलण्याआधी आठवडाभर त्याला नऊला निजवून तर पाहा. पैसे पडत नाहीत.

शेतीला दिवसा लाईट देणं सरकारच्या हाती आहे. बाकीचं गावाच्या हाती. ट्रॅक्टरवरची गाणी रात्री बंद, अशी ताकीद कारखान्याने द्यावी. दहानंतर डॉल्बी नाही, असा ठराव ग्रामसभेने करावा. आणि पोराला 'झोप' म्हणताना बापाने स्वतःचा मोबाईल आधी खाली ठेवावा.