उमेदवाराला उभे करणारे मतदार

निवडणूक जवळ आली की आमच्या कचेरीत एक वाक्य हमखास कानावर पडते. "चांगली माणसे उभीच राहत नाहीत, मग मत द्यायचे तरी कोणाला?" सरकारी नोकरीत इतकी वर्षे काढल्यावर मला हे गाऱ्हाणे अर्धवट वाटू लागले आहे. का, ते सांगण्यासाठी जपानमधल्या १९७४ सालच्या एका निवडणुकीकडे वळतो.

जपानच्या संसदेचे वरिष्ठ सभागृह म्हणजे आपल्या राज्यसभेसारखे, पण एक मोठा फरक आहे. आपल्याकडे गोव्याची राज्यसभेची एकमेव जागा आमदार भरतात. जपानमध्ये मात्र १९४७ पासून वरिष्ठ सभागृहही लोक थेट निवडतात. मुदत सहा वर्षांची, आणि दर तीन वर्षांनी निम्म्या जागांसाठी मतदान. त्या काळी मतदाराला दोन मते असत, एक आपल्या प्रांतासाठी आणि दुसरे 'राष्ट्रीय मतदारसंघा'साठी. या दुसऱ्या प्रकारात सारा देश हाच एक मतदारसंघ होता आणि एका वेळी साधारण पन्नास जागा भरत. शिवाय तिथे शिक्का मारत नाहीत की बटण दाबत नाहीत. मतदार कोऱ्या मतपत्रिकेवर उमेदवाराचे नाव स्वतःच्या हाताने लिहितो.

सारा देश पालथा घालायचा म्हणजे पैसा हवा, नाहीतर कीर्ती तरी हवी. १९७४ साली पंतप्रधान तानाका काकुएई यांच्या सत्ताधारी पक्षाने दोन्ही वापरले. दूरचित्रवाणीवरचे परिचित चेहरे उभे केले आणि मोठमोठ्या कंपन्यांना एकेक उमेदवार वाटून दिला. कंपनीने आपल्या नोकरांना, त्यांच्या घरच्यांना आणि माल पुरवणाऱ्यांनाही त्या उमेदवाराच्या कामाला जुंपायचे. हा प्रकार इतका उघड झाला की निवडणूक यंत्रणेच्या प्रमुखांनाच मतदानाआधी त्याबद्दल जाहीर नापसंती व्यक्त करावी लागली. जपानी लोकांनी या निवडणुकीला 'धनशक्तीची निवडणूक' असेच नाव ठेवले.

त्याच निवडणुकीत इचिकावा फुसाए नावाच्या ८१ वर्षांच्या बाई अपक्ष म्हणून उभ्या होत्या. स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून त्या पहिल्या महायुद्धानंतरच्या काळापासून झगडल्या. १९४५ च्या डिसेंबरात तो मिळाला. युद्धकाळातल्या सरकारी उपक्रमांतल्या सहभागामुळे १९४७ ते १९५० त्यांना सार्वजनिक जीवनातून दूर ठेवण्यात आले, तोही इतिहास विसरू नये. १९५३ पासून त्या वरिष्ठ सभागृहात होत्या. १९७१ साली मात्र हरल्या आणि वयाकडे पाहून पुन्हा उभे राहायला तयार नव्हत्या.

त्यांच्याकडे काही तरुण गेले आणि हट्टाला पेटले. त्यांच्यात २७ वर्षांचा कान नाओतो होता. बाईंची अट जुनीच होती. ज्यांना मी हवी आहे त्यांनीच वर्गणी काढावी, त्यांनीच राबावे आणि खर्च कमीत कमी ठेवावा. याला त्या 'आदर्श निवडणूक' म्हणत.

७ जुलै १९७४ रोजी शंभरातल्या ७३ मतदारांनी मतदान केले. सुमारे १९ लाख लोकांनी इचिकावाबाईंचे नाव लिहिले आणि राष्ट्रीय मतदारसंघात त्या दुसऱ्या आल्या. पहिला आला सत्ताधारी पक्षाचा मियाता तेरू, दूरचित्रवाणीवरचा लोकप्रिय निवेदक. मित्सुबिशी समूहाने पाठीशी घातलेला उमेदवार पडला. सत्ताधारी पक्षाला १३० पैकी ६२ जागा मिळाल्या. त्याच महिन्यात मिकी ताकेओ आणि फुकुदा ताकेओ हे वजनदार मंत्री मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि डिसेंबरात तानाकांची खुर्ची गेली.

म्हणून पैसा हरला असे मी म्हणणार नाही. निवडून आलेल्या एका धनाढ्य उमेदवाराचे कितीतरी कार्यकर्ते नंतर निवडणूक गुन्ह्यांत पकडले गेले. पण एवढे खरे की कंपनीचा साहेब नोकराला सभेला पाठवू शकला, तरी पडद्याआड पेन्सिल त्या नोकराच्याच हातात होती.

१९८० साली, वयाच्या ८७ व्या वर्षी, इचिकावाबाई सुमारे २७ लाख ८० हजार मते घेऊन देशात पहिल्या आल्या. पुढच्याच वर्षी त्या वारल्या. आणि १९८२ साली राष्ट्रीय मतदारसंघच रद्द झाला! खर्च फार होतो, उमेदवार दमतात, ही कारणे दिली गेली. १९८३ पासून त्या जागांसाठी मतदार पक्षाचे नाव लिहू लागले. २००१ पासून उमेदवाराचे नावही लिहिता येते, पण तो पक्षाच्या यादीत असावा लागतो. म्हणजे खर्च कमी करायचा म्हणून जे दार बंद केले, त्याच दारातून सर्वांत कमी खर्च करणारी बाई आत आली होती. सुधारणेच्या नावाने आलेला कागद मी म्हणूनच दोनदा वाचतो. कोणाची गैरसोय दूर होते आणि कोणाची वाट अडते, हे शेवटच्या कलमापर्यंत कळत नाही.

तो कान नाओतो २०१० साली जपानचा पंतप्रधान झाला आणि महिन्याभरातच वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत त्याच्या पक्षाने मार खाल्ला. चळवळीतून आलेल्या माणसालाही लोक सूट देत नाहीत, आणि देऊही नये.

कचेरीतल्या त्या गाऱ्हाण्याबद्दल माझे म्हणणे इतकेच. इचिकावाबाईसुद्धा आपण होऊन उभ्या राहत नव्हत्या. त्यांना उभे करणारे लोक होते, म्हणून त्या उभ्या राहिल्या. आपल्यापैकी किती जणांनी एखाद्या भल्या माणसाच्या दारात जाऊन, "तुम्ही उभे राहा, वर्गणी आणि पायपीट आमची," असे म्हटले आहे? असे न म्हणता चांगली माणसे नाहीत म्हणून रडण्यात काही अर्थ नाही.