देवालयांची रोषणाई आणि महापालिकेचे पंखे

सार्वजनिक इमारतीत दिवसाढवळ्या जळणाऱ्या दिव्याला धनी नसतो. घरात मूल खोलीबाहेर पडले आणि पंखा फिरत राहिला, तर आई हटकते. कचेरीत तोच पंखा रिकाम्या खुर्चीला सायंकाळपर्यंत वारा घालीत राहतो आणि त्याचे देयक करदाता मुकाट्याने भरतो. देवस्थानांची स्थिती याहून फारशी निराळी नाही. तेथे ते दानपेटीतून भागते, इतकेच.

यावर उपाय नाही असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली संमत झाला, त्याला दोन तपे होऊन गेली. छताचा जुना पंखा सुमारे ७५ वॉट वीज खातो. नव्या धर्तीचा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. दिवसाचे १० तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरले, तर एका पंख्यामागे १३५ युनिटे वाचतात. शंभर पंख्यांच्या कचेरीत ती १३,५०० होतात, आणि युनिटला दहा रुपये धरल्यास वर्षाकाठी १ लाख ३५ हजार रुपये. हे त्रैराशिक शाळकरी मुलालाही सुटावे. महापालिकांना ते सुटत नाही, याचे कारण अज्ञान नव्हे. पंखा विकत घेणारे खाते एक आणि विजेचे देयक भरणारे दुसरे. निविदेत पाहिली जाते ती खरेदीची किंमत, पुढील दहा वर्षांच्या विजेची नव्हे. स्वस्त पंखा असा महाग पडतो आणि त्याबद्दल कोणाला जाबही द्यावा लागत नाही. खरी मेख येथे आहे.

वातानुकूलनाचेही तेच. तापमान एका अंशाने वर ठेवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. तथापि साहेबांच्या दालनात शाल पांघरून बसण्याची हौस काही ओसरत नाही. मुंबई महापालिकेची स्टीव्हन्स यांनी उभारलेली इमारत १८९३ सालची. त्या काळच्या वास्तुकारांना वारा आणि सावली यांचा विचार करावाच लागे. आज आपण उंच छताखाली खोटे छत ठोकतो, खिडक्या कपाटांनी बुजवितो आणि मग यंत्राने गारवा विकत आणतो!

देवापुढील नंदादीप मंद करा, असे आम्ही म्हणत नाही. परंतु आपल्या देवळांतील दीपमाळ त्रिपुरी पौर्णिमेसारख्या ठरावीक दिवशीच उजळत असे, याचा विसर पडू नये. शिखरावरील विजेच्या माळा सूर्य माथ्यावर आला तरी जळत राहाव्यात, यात भक्ती कोणती? शिर्डीच्या संस्थानाने २००९ साली ७३ सौर तबकड्या बसवून प्रसादालयाचा स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेने तयार झालेल्या वाफेवर करण्याची व्यवस्था केली. त्याने प्रसादाचे पावित्र्य उणावल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मशिदी, चर्च, गुरुद्वारे यांच्या विश्वस्तांनाही आमचे सांगणे हेच आहे.

महापालिकेने येत्या अंदाजपत्रकासोबत आपल्या प्रत्येक इमारतीचे वर्षभराचे वीजदेयक तिच्या क्षेत्रफळासह छापावे, आणि विश्वस्तांनी वार्षिक हिशेबात विजेचा आकडा स्वतंत्र ओळीत दाखवावा. तशी पहिली यादी हाती आली, की ती आम्ही याच पानावर आनंदाने प्रसिद्ध करू.