मेलेले आटे आणि तांबडी शाई

मुक्ताईनगरच्या एका विद्यार्थ्याने आपल्या बिघडलेल्या सायकलीवर लिहिलेला निबंध नुकताच आमच्या हाती आला. त्यातील 'हब', 'आटे', 'चाकी', 'लॉकरिंग' हे शब्द परीक्षकाने तांबड्या शाईने खोडले आहेत आणि समासात 'अवाङ्मयीन' असा शेरा मारला आहे. या शेऱ्याशी आमचे भांडण आहे.

प्रथम घडले काय, ते पाहू. या मुलाने घरच्या जुन्या सायकलीचे फ्रीव्हील काढून मागच्या हबवर फिक्स चाकी बसवली. फ्रीव्हील असले की पाय थांबले तरी चाक फिरत राहते; फिक्स चाकीत पाय आणि चाक एकमेकांस बांधलेले. पुढे पाय मारला की चाकी हबवर घट्ट होत जाते. वेग आवरण्यासाठी पाय मागे रेटले की तीच सैल होऊ पाहते. म्हणून खऱ्या फिक्स हबवर आट्यांचे दोन संच असतात: चाकीसाठी उजवे आणि तिच्या बाहेर, किंचित कमी व्यासाचे, लॉकरिंगसाठी डावे. चाकी सुटू लागताच तिच्या ओढीने लॉकरिंग उलट आवळली जाते. साध्या हबला हा दुसरा संच नसतोच.

शिवाय पठ्ठ्याने ब्रेकही काढून टाकले होते. ('शुद्ध' सायकलीला ब्रेक नसतो म्हणे! शुद्धतेचे वेड केवळ परीक्षकांनाच असते असे नाही.) पूर्णेकडच्या उतारावर चाकी घसरली, हातापायांची साले निघाली. त्याने ती पुन्हा कसली, ती पुन्हा घसरली, आणि प्रत्येक खेपेस आट्यांचा थोडा थोडा कीस पडत गेला. अखेर पाय फिरतात, साखळी फिरते, चाकी हबवर गरगरते, चाक मात्र जागचे हलत नाही!

सायकल दुरुस्त करणाऱ्याने हबवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "आटे मेले." इतका नेमका अभिप्राय आम्ही मराठी समीक्षेत क्वचितच वाचला आहे. चाकी वेल्डिंगने चिकटवून द्या, ही मुलाची विनंती त्याने नाकारली: त्या धगीने छर्रे फिरतात ती वाटी बिघडते, आणि पुढे चाकीचे दात झिजले तर ती काढायची कशी? डिंकासारखे काही लावणे म्हणजे पुढच्या उतारापर्यंतची उधारी. रिम शाबूत आहे. चाळीसही तारा सोडवून दोन आट्यांचा हब घाला आणि आधी पुढचा ब्रेक लावा, असे त्याने सांगितले. डावे आटे म्हणजे काय, हे समजावण्यासाठी त्याने डाव्या पेडलकडे बोट केले. ते प्रत्येक सायकलीत उलटेच सुटते. म्हणजे ज्या ज्ञानाअभावी मुलगा पडला, ते त्याच दुकानात होते.

आता परीक्षकांकडे वळू. आपण बहिणाबाईंची 'मोट' आणि 'घरोट' शिकवतो, शब्दार्थ देतो, लोकजीवनाच्या समृद्धीवर प्रश्न काढतो. बहिणाबाई याच जिल्ह्यातल्या आसोद्याच्या. देशीवाद मांडणारे नेमाडे याच जिल्ह्यातल्या सांगवीचे. 'देशी' हा शब्द उच्चारल्याशिवाय आपले एकही चर्चासत्र पार पडत नाही. आणि त्याच मातीतला मुलगा आपल्या हाताखालच्या वस्तूचे नाव लिहितो, तेव्हा मात्र आपली लेखणी तांबडी होते. मोट चालेनाशी झाल्यावर वाङ्मयीन ठरली. सायकल अजून चालते, हाच तिचा दोष की काय?

'हब' इंग्रजी आहे, असे कोणी म्हणेल. आहेच; सायकलही आहे. बैलगाडीच्या चाकाच्या तुंब्याची आठवण देऊन कोणी 'तुंबा' सुचवला असता तर आम्ही आनंदाने ऐकले असते. पण परीक्षकांनी सुचवले काय? 'चाकाचा मध्यभाग'. आणि 'आटे' तर अस्सल मराठी! तो शब्दही खोडला, तेथे 'खाचा' लिहिले. खाच कोठेही पडते, आटा मात्र वळसे घेत पुढे सरकतो. तो उजवा की डावा, यावर त्या मुलाचे गुडघे फुटायचे की नाही, हे ठरले. शब्द बदलला आणि निबंधातला अपघातच समजेनासा झाला. सुधारलेला निबंध वाचणाऱ्याला मुलगा का पडला, याचा पत्ता लागणार नाही. त्याला गुण मात्र अधिक मिळतील.

मुलाने आम्हांस विचारले की, पुढच्या वेळी काय लिहू. आम्ही त्याला मूळ प्रत परत दिली आणि 'लॉकरिंग' डाव्या आट्यांची असते, हे वाक्य त्याने घाईत गाळले होते, तेवढे घालायला सांगितले.